तक्रारीसाठी दोन दाबा

शेवगावच्या एका पेंडवाल्यानं आपल्या गोणीवर टोल फ्री नंबर छापला आणि तिथून माझं डोकं फिरलं.

मी सोनईला गोळी पेंड बनवतो. मका, सरकी, भुसा दळायचा, वाफवायचा, मशीनमधून गोळ्या पाडायच्या आणि गोण्या भरून दूधवाल्यांना विकायच्या, असा आमचा धंदा. माझ्या गोणीवर तोवर एका गाईचं चित्र होतं आणि खाली दुकानाच्या मोबाईलचा नंबर. गाय जरा म्हशीसारखी दिसायची, पण त्यावरून कुणी कधी तक्रार केली नव्हती. आणि हा शेवगाववाला, कालपरवा धंद्यात उतरलेला! त्याच्या गोणीवर लाल पट्टा, पट्ट्यात अठराशेनं सुरू होणारा नंबर, आणि वर झोकात लिहिलेलं 'ग्राहक सेवा'. घोडेगावच्या बाजारात एका दूधवाल्यानं ती रिकामी गोणी माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "शेठ, तुमचा असला नंबर न्हाई व्हय?" त्यानं आपलं सहज विचारलं. मला मात्र भर बाजारात धोतर सुटल्यासारखं झालं, आणि मी तर पँट घालतो.

आठवड्याच्या आत नगरहून नंबर विकणारा माणूस येऊन माझ्यासमोर बसला. गळ्यात टाय, हातात टॅब, आणि तोंडात इतकी साखर की कारखान्यानं उचलून न्यावी. "साहेब," तो म्हणाला, "तुमच्या ग्राहकाला फोन करायला एक रुपयासुद्धा खर्च येणार नाही."

आमची मंडळी काउंटरवर बसून पावत्या लावत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आत्ता येतो का?"

"म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे आजकाल शेळ्या वळणाऱ्याच्या फोनमध्ये पण अनलिमिटेड असतं. आम्हाला फोन करायला त्याला आत्ताही काही पडत नाही. मग तुम्ही त्याचं वाचवणार काय?"

टायवाला हसला. मी नाही हसलो. "तुला धंद्यातलं काय कळतं?" असं मी तिला परक्या माणसासमोर बोललो, आणि तिथल्या तिथं सही ठोकली. आता सांगायला हरकत नाही, की जे आधीच फुकट होतं ते पुन्हा फुकट करण्यासाठी पैसे मोजणारा सोनईतला पहिला माणूस मीच.

नंबर म्हणजे काय वस्तू असते, ते मला पैसे भरल्यावर कळलं. माझ्या मनात एक लाल रंगाचा फोन होता. तो टेबलावर ठेवायचा, त्यावर पांढरा रुमाल टाकायचा, आलेल्यागेलेल्यानं विचारायचं, असं काहीतरी. आलं काय, तर एक ईमेल आणि एक पासवर्ड. "फोन कुठाय?" मी विचारलं. "साहेब, तुमच्या काउंटरवरच्या मोबाईलवरच वाजेल," तो म्हणाला. म्हणजे जो मोबाईल आधी वाजत होता तोच आता वाजणार, फक्त वाजल्याचे पैसे मी देणार. नंबरचं वर्षाचं भाडं वेगळं. सोपा, लक्षात राहणारा नंबर हवा म्हणून त्याचे वेगळे. आणि फोन करणाऱ्यानं किती बोलायचं ते तो ठरवणार, मीटर मात्र माझं फिरणार. रिक्षात दुसऱ्यानं बसायचं, गाव हिंडायचं आणि भाडं आपण द्यायचं, असला हा प्रकार. त्यातही मी महागाचा प्लॅन घेतला, कारण त्यात 'तक्रार निवारण' होतं आणि शेवगाववाल्याकडं ते नव्हतं. गोणीवर मी ठसठशीत छापून घेतलं: तक्रार सुटेपर्यंत आम्ही पाठ सोडत नाही.

सुरुवातीचं बोलणं मी माझ्याच आवाजात भरलं. "नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मालाच्या मागणीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा." चांगलं घोळवून, थांबत थांबत बोललो. मंडळींनी ते ऐकलं आणि म्हणाली, "अहो, एवढ्या गोड आवाजात लग्न झाल्यापासून माझ्याशी कधी बोलला नाहीत." मला आनंदच झाला. तो पहिलं बिल येईपर्यंत टिकला.

कारण फोन लागला की माझा नमस्कार सुरू, आणि नमस्कार सुरू की मीटर सुरू. अर्धं मिनिट नुसता माझाच आवाज. आणि अर्धं असो की पाव, हिशेब पुऱ्या मिनिटाचा. बिलात सगळ्यात जास्त कोण बोललंय म्हणून बघायला गेलो तर तो मीच. मध्ये गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं तर त्याच्या कानात सनई वाजायची. वाट तो बघणार, सनईचे पैसे मी देणार. कुणाच्या लग्नात मी एवढी सनई वाजवली नव्हती.

बरं, गिऱ्हाईक तरी सरळ बोलेल की नाही! आमच्याकडं मिसकॉल द्यायची सवय हाडीमासी भिनलेली आहे. बोलणं महाग होतं तेव्हाची ती सवय, बोलणं फुकट झालं तरी गेली नाही. एक रिंग द्यायची आणि कापायचं, शेठ उलटा फोन करतील. टोल फ्रीवरही लोक तेच करायला लागले. पण तिथं पहिल्या रिंगलाच माझा नमस्कार टपून बसलेला. बिचारा कापायच्या आत मीच उचलायचो, आणि एक मिनिट माझ्या नावावर पडायचं. मग त्या मिसकॉलला उलटा फोनही मीच करायचा.

आणि जे भले लोक होते त्यांनी वेगळाच घोळ घातला. सोनईच्याच शिवारातले एक जुने गिऱ्हाईक, माझ्या वडिलांपासूनचे, त्यांना मी कौतुकानं सांगितलं की बाबा, या नंबरवर बोला, पैसे माझे जातात. ते एकदम गंभीर झाले. "न्हाई शेठ. तुमच्या पैशानं तुमालाच बोलायचं? बरं दिसतं का ते? एकदा जेवलो तुमच्याकडं, लगेच दुसऱ्या दिवशी ताट घेऊन आलो, असं व्हतंय ते." त्यानंतर पेंड लागली की ते स्वतः एस.टी.नं दुकानात यायचे, तिकीट काढून. मी डोक्याला हात लावला.

उरलेल्यांना मात्र असली काही लाज नव्हती. आमच्याकडं फोन खटकन ठेवत नाहीत. पंगतीतून मध्येच उठल्यासारखं दिसतं ते. आधी "बरं मग" म्हणायचं. समोरच्यानं "बरं" म्हणायचं. मग "ठेवू का?" मग "ठेवा." आणि एकदा "ठेवा" म्हटलं की नेमकं खरं बोलणं आठवतं. "अन् हां, थोरलीचं जमलं का कुठं?" की पुन्हा पहिल्यापासून. दोन गोण्यांची मागणी लिहायला एक मिनिट, आणि ठेवायला पाच. मी काउंटरमागं उभा राहून हातवारे करायचो, ठेव, ठेव! मंडळी माझ्याकडं पाठ करून निवांत विचारायची, "मग पाहुणे काय म्हणाले?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग आत्यानं नंबर लावला.

बेलापूरला माझी आत्या राहते, वडिलांची धाकटी बहीण. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दोन्ही पोरं पुण्यात नोकरीला, पोरं चांगली आहेत, उगाच खोटं का बोलू. तिच्याजवळ एक तांबडी संकरित गाय आहे. त्या गाईचं शेण, वैरण, धार, रतिबाचं दूध, यात तिचा दिवस जातो. पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरून ती पडली आणि मनगट मोडलं. पोरं घाबरली. त्यांनी ठरवून टाकलं, गाय विकायची आणि आईला पुण्याला न्यायची. आत्याचं म्हणणं एकच होतं. "गाय गेली की मला हितं ऱ्हायला कारन काय उरलं? अन् तिकडं गॅलरीत बसून मी काय करू, कबुतरं मोजू?"

तिला माझ्याकडून एकच काम हवं होतं. मी सगळ्या भावंडांत थोरला. मी एकदा पोरांशी बोलावं, की गाय राहू द्या. त्यासाठी ती माझ्या मोबाईलवर फोन करायची. पहिल्यांदा मी म्हणालो, "बोलतो, बोलतो." मग म्हणालो, "दुकानात गर्दी आहे, नंतर करतो." मग तिचं नाव स्क्रीनवर आलं की मी फोन पालथा घालून ठेवायला लागलो. आणि त्यात माझं काही चुकत नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगीन. आतेभावांच्या घरात मी कशाला नाक खुपसू? उद्या म्हातारी पुन्हा पडली, तर सगळे माझ्याच नावानं बोंबलणार.

अशाच एका सकाळी काउंटरवरचा फोन वाजला. माझा नमस्कार झाला, आणि कुणीतरी ठामपणे दोन दाबलं. मंडळींनी स्पीकर लावला.

"नमस्कार शेठ. बेलापूरहून बोलते. तुमचं गिऱ्हाईक हाय."

"आत्या? अगं, माझ्या मोबाईलवर लाव ना."

"मोबाईल तुमी उचलत न्हाई. ह्यो उचलावाच लागतो, असं गोनीवर छापलंय. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं."

जन्मापासून मला 'अरे' म्हणणारी बाई मला 'तुमी' म्हणत होती. म्हणालो, "आत्या, या फोनला मला मिनिटाला पैसे पडतात गं."

"व्हय का? मंग सावकाश बोलते."

मंडळी तोंडाला पदर लावून हसत होती. मी दात खाऊन विचारलं, "बरं, तक्रार काय आहे?"

"पेंड बरी हाय. पेंडेचा मालक बरा न्हाई. लिवून घ्या."

फोन ठेवल्यावर मी मंडळींना सांगितलं, हे काही लिहून घ्यायचं नाही. ती म्हणाली, "घेतलंसुद्धा. पण त्या कॉम्प्युटरमध्ये 'मालक बरा नाही' असा पर्यायच नाही. माल ओला, माल उशिरा, आणि जनावराची अडचण, एवढंच आहे. मग मी 'जनावराची अडचण' दाबलं. तसंही अडचण गाईचीच आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मोबाईलवर रोज सकाळी मेसेज यायला लागला: आपल्याकडे एक तक्रार प्रलंबित आहे. आणि तिकडं बेलापूरला आत्याला रोज सकाळी माझ्या खर्चानं आपोआप फोन जायला लागला. एक बाई गोड आवाजात विचारायची, "आपली तक्रार सुटली असल्यास एक दाबा. सुटली नसल्यास दोन दाबा." आत्या चहाचा कप बाजूला ठेवून दोन दाबायची. ग्राहकानं एक दाबल्याशिवाय तक्रार बंदच होणार नव्हती. मी नगरच्या टायवाल्याला फोन करून आरडाओरडा केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हीच तर या प्लॅनची खासियत आहे. तुम्ही स्वतः निवडलात."

मी आत्याला समजवायला गेलो.

"गाय पेंड खाते ना?"

"खाती."

"दूध देते ना?"

"देती की."

"मग एक दाब ना बाई!"

"तुमचा मानूस येऊन बगत न्हाई, तवर कसं दाबू? अन् शेठ, तुमची ती बाई लई ग्वाड बोलती हां. रोज न चुकता इचारती."

"अगं, पोरांना काय सांगू मी?"

"ते तुमी आल्यावर बगू. रविवारी हेडी येनार हाय गाय न्यायला." आणि तिनं फोन ठेवला. 'ठेवू का' न विचारता. आत्यानं असा फोन ठेवलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला ते लागलं, कबूल करतो.

रविवारी सकाळी मोटारसायकल काढली. माझा विचार सरळ होता. जायचं, तिचा हात धरून एक दाबून घ्यायचं, आणि यायचं. गाईचं जे व्हायचं ते होईल. उसाच्या ट्रॅक्टरांमागून धूळ खात बेलापूरला पोचलो तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं.

ओट्यावर दोन्ही आतेभाऊ बसले होते आणि समोर टोपीवाला हेडी बशीतून चहा पीत होता. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी, बाजारोबाजार फिरणारा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला होता, दावं तेवढं सोडायचं राहिलं होतं. पण वातावरण काहीतरी बिघडलेलं होतं. धाकटा मला बघून उठलाच. "बरं झालं दादा, तुम्ही आलात. ह्यांना समजावून सांगा जरा."

"काय झालं?"

हेडीनं बशी खाली ठेवली. "गाय झकास हाय, नावं ठिवायला जागा न्हाई. पन आजी म्हनाल्या, ह्या गाईवर कंपनीत तक्रार चालू हाय. म्हटलं खरं का खोटं बगावं. ती बगा गोनी तिथं पडलीय, तिच्यावरचा नंबर लावला. पयलं एक मानूस लई येळ नमस्कार-चमत्कार करत बसला. मंग एक बाई बोलल्या. म्हनाल्या, हाय, तक्रार उघडी हाय. जनावराची अडचन. कंपनीचे सायेब आज सवता बगायला निघालेत." त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमीच का ते सायेब?"

तेव्हा मला सगळा डाव कळला. आत्या आणि आमची मंडळी, दोघींनी मिळून मला बैलासारखा मध्ये उभा केला होता. चीड आली, अशी चीड आली की काय सांगू. मी आत्याकडं बघितलं. भांडायच्या तयारीनंच बघितलं. पण ती आमच्याकडं बघत नव्हती. गव्हाणीशी बसून गाईच्या पाठीवर पडलेल्या वैरणीच्या काड्या एकेक करून काढत होती. मोडलेलं मनगट जरा वाकडंच बसलं होतं, म्हणून डाव्या हातानं काढत होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो.

"दादा, सांगा ना," धाकटा म्हणाला. "काही अडचण नाही म्हणून सांगा. गाडी बाहेर उभी आहे."

खरं तर एका वाक्याचं काम होतं. आत्याचं वय झालंय, उगाच तक्रार केली, पेंडही चांगली आणि गाय पण चांगली. दावं सुटलं असतं, आणि आत्या संध्याकाळी पुण्याला गेली असती. उलट तक्रार खरी आहे म्हणावं, तर हा हेडी! उद्या लोणीच्या बाजारात, परवा घोडेगावच्या. त्याचं तोंड म्हणजे चाकं लावलेला लाऊडस्पीकर. सोनईच्या पेंडेनं गाय बिघडली, हे आठ दिवसांत जिल्हाभर झालं असतं. इतकी वर्षं घाम गाळून कमावलेलं नाव. मी घसा खाकरला, आणि तोंडातून जे निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही. तोच घोळवलेला, थांबत थांबत बोलणारा आवाज.

"आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

हेडी म्हणाला, "आँ?"

"तपासणी चालू आहे."

"मंग किती दिस लागत्याल?"

"सांगता येत नाही. आमच्याकडं वेळ लागतो."

"अवो, पन दोष कशात हाय? गाईत का पेंडेत?"

तो चांगला मुरलेला होता. गाईत म्हणालो असतो तर त्यानं भाव पाडून तिथल्या तिथं गाय नेली असती. आत्याचा काड्या काढणारा हात थांबला.

"पेंडेत," मी म्हणालो. "आमच्या पेंडेत. तपासणी होईपर्यंत गाय या गोठ्यातून हलवता येणार नाही. हलवली तर तक्रार बाद होते."

हेडीनं टोपी झटकली आणि उठला. "खाल्लेली पेंड तिच्या पोटात हाय न्हवं? पुढं गाभन ऱ्हाईल, न ऱ्हाईल, कोन सांगावं. तुमची तपासनी झाली की कळवा, बाबा." तो रिकामी गाडी घेऊन गेला. धाकटा हात आपटून म्हणाला, "काय दादा, स्वतःच्याच धंद्यावर धोंडा!" आणि पाणी प्यायला आत गेला.

थोरला आतेभाऊ जरा समजदार. मला गेटपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "दादा, खरं सांगा. तक्रार आहे?"

"आहे."

"पेंडेची?"

"पेंडेला काय झालंय? माझी आहे. मी तिचा फोन उचलत नव्हतो."

त्यानं बुटानं एक खडा बाजूला सारला. "माझीपण असेल मग," तो म्हणाला. जाताना त्यानं गोठ्यात डोकावून बघितलं आणि धाकट्याला हाक मारली, "अरे, इथं खरखरीत फरशी टाकली तर आई घसरणार नाही. आणि शेणाला सकाळी एक बाई लावू. तपासणी होईपर्यंत तरी." आत्यानं मला चहा टाकला, आणि चहात साखर जरा जास्तच घातली.

हेडीनं आपलं काम चोख केलं. घोडेगावच्या बाजारात लोक माझ्या गोणीला हात लावायच्या आधी हुंगून बघायला लागले. शेवगाववाल्यानं गोणीवर नवी ओळ छापली, 'एकही तक्रार नाही'. ती मला दाखवायला लोक मुद्दाम दुकानात गोणी घेऊन यायचे. तुटलेलं गिऱ्हाईक परत आणायला मला फार दिवस घासावं लागलं, आणि सगळं आलं असंही नाही. मंडळींना मी पुष्कळ बोललो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एवढे पैसे घातलेत त्या नंबरात, तेवढ्यात एक तरी तक्रार सुटली की नाही?" मी म्हणायचो, "कुठं सुटली? उघडीच आहे अजून."

परवा नंबरचं वर्ष संपलं आणि टायवाला पुन्हा आला. मी ठरवलंच होतं, हे भूत आता उतरवायचं. लोक माझ्या मोबाईलवर बोलतात, मी उचलतो, आत्याचासुद्धा पहिल्या रिंगला उचलतो. मग हे भाडं कशाला? टायवाला टॅब बघत म्हणाला, "साहेब, अख्ख्या वर्षात एकच तक्रार प्रलंबित दिसते. बेलापूरची. नंबर बंद केलात तर ती आपोआप निघून जाईल." मी म्हणालो, "थांब जरा." आणि आत्याला फोन लावला.

"आत्या, तो टोल फ्री बंद करतोय. आता मी मोबाईल उचलतो ना तुझा?"

"उचलतोस की. ब्येस झालं." मग तिनं विचारलं, "म्हंजी ती सकाळची बाई बी बंद व्हनार?"

"आत्या, ती बाई नाही गं. मशीन आहे ते."

"ठावं हाय मला. येडी हाय का मी?" ती फिसकारली. मग आवाज खाली आला. "पन तू बोलतोस, पोरं बोलत्यात, समदी आपलंच सांगत्यात. तिच्यासारखं रोज उठून कोन इचारतं रे, सुटली का तुमची तक्रार म्हनून?"

टायवाला समोर पेन उघडून बसला होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, वर्षाचं कर, आणि त्या तक्रारीला हात लावू नकोस.

"ठेवू का मग?" आत्यानं विचारलं.

"ठेव," मी म्हणालो. आणि मग बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.